पार्श्वभूमी: पर्यटन नेमकं कोणाचा विषय? डिग्रीच्या नावांचा गुंता

दहावीच्या भूगोलाचा पहिला धडा म्हणजे क्षेत्रभेट, नळदुर्ग ते अलिबाग, आणि शेवटचा धडा पर्यटन, वाहतूक व संदेशवहन. नववीचं भूगोलही पर्यटनावरच संपतं, दहावीच्या इतिहासात तर ‘पर्यटन आणि इतिहास’ असा वेगळाच धडा आहे. ही पुस्तकं २०१७ आणि २०१८ ला आली, म्हणजे तेव्हापासून राज्य बोर्डाचं प्रत्येक पोरगं पर्यटन शिकतंय, पण याला पर्यटन शिक्षण कोणी म्हणत नाही. ते नाव मिळालं दुसऱ्याच दारातून आलेल्या कोर्सला.

मागचं थोडक्यात सांगतो. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ चं, म्हणजे हॉटेलचं शिक्षण आपल्याकडे आधीच रुजलेलं. देशाचं पहिलं पर्यटन धोरण आलं १९८२ ला आणि १९८३ ला दिल्लीत पर्यटन शिकवणारी केंद्राची संस्था निघाली जी पुढे ग्वाल्हेरला गेली. तिथून जो साचा पडला तो ट्रॅव्हल एजन्सी, तिकिटं, टूर पॅकेज, मार्केटिंग असा होता. मग १९९४-९५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला व्यवसायाभिमुख विषय जोडायची योजना आणली, ३५ विषय होते त्यात, त्यातला एक टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट. शिकवायला वेगळी माणसं कुठून आणणार, मग भूगोलवाले, इतिहासवाले, कॉमर्सवाले असे जे हाताशी होते त्यांनीच तास वाटून घेतले. माझं मत विचाराल तर हा विषय खरा तेव्हाच चांगला शिकवला गेला, कारण नकाशा, लेणी आणि हिशोब तिन्ही एका वर्गात आले.

गुंता झाला तो नावांचा. कुठे एमटीए म्हणजे मास्टर ऑफ टुरिझम अॅडमिनिस्ट्रेशन, कुठे एमटीएम म्हणजे टुरिझम मॅनेजमेंट, कुठे एमटीटीएम म्हणजे त्यातच ट्रॅव्हल जोडलेलं, कुठे सरळ एमबीए टुरिझम. आत जवळपास तेच पेपर. कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या नेटच्या परीक्षेत विषयाचं नाव टुरिझम अॅडमिनिस्ट्रेशन अँड मॅनेजमेंट, म्हणजे प्रशासनही आणि व्यवस्थापनही, भूगोल-इतिहासाचा उल्लेखच नाही. एमबीए लिहिलं की अॅडमिशन होतात म्हणून हळूहळू सगळे तिकडेच सरकले, आणि त्यात कॉलेजांना दोष देता येत नाही, रिकाम्या बाकांवर विभाग चालत नाही.

पण नाव बदललं की मालक पण बदलतो हे खरं कळलं २०२४ ला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद म्हणजे इंजिनिअरिंग-मॅनेजमेंटसारख्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिचा कायदा १९८७ चा, त्यात तंत्रशिक्षण म्हणजे काय याची यादी आहे, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, नगररचना, फार्मसी, उपयोजित कला आणि मॅनेजमेंट. पर्यटन हा शब्द त्या यादीत नाही. तरी २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए परिषदेच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांना सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षाही लागली. मग कोर्सच्या नावात आधी बीबीए आणि शेपटीला टुरिझम असेल तर परिषदेची मान्यता घ्या, सीईटी घ्या, आणि तोच अभ्यासक्रम बीए किंवा बीकॉमच्या नावाखाली चालवला तर यातलं काही नाही! बऱ्याच कॉलेजांनी त्या वर्षी मॅनेजमेंटच्या कोर्सची नावंच बदलून टाकली. पहिल्या सीईटीला जागांच्या मानाने मुलं इतकी कमी की ऑगस्टमध्ये दुसरी घ्यावी लागली. दर्जासाठी नियमन हवंच, त्याला माझा विरोध नाही, पण दर्जा ठरवताना पर्यटन शिकवतो कोण आणि मुलं बाहेर किती जातात हे आधी बघायला हवं होतं, डिग्रीची अक्षरं नाही.

शाळेतही तेच झालं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये कौशल्य शिक्षणाची राष्ट्रीय चौकट आली, तिच्यात टुरिझम अँड हॉस्पिटॅलिटी असं जोडनाव, म्हणजे पर्यटन पुन्हा हॉटेलच्या बाजूला बसलं. केंद्रीय बोर्डात म्हणजे सीबीएसईत नववी-दहावीला इंट्रोडक्शन टू टुरिझम हा कौशल्य विषय म्हणून घेता येतो. आता नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजात दोन-दोन क्रेडिटचे, म्हणजे थोड्या तासांचे, कौशल्याचे पेपर आलेत, तिथे भूगोल विभागांनी पर्यटन घातलंय, पण दोन क्रेडिटमध्ये सहल कधी काढायची?

आम्ही काढली होती एकदा, दहावीची, अजिंठ्याला. फर्दापूरला आपली गाडी सोडायची आणि एसटीच्या बसने वर जायचं, तिथे एका मुलीने चमकणारे दगड विकणाऱ्या काकांना विचारलं की हे कुठून आणता, ते म्हणाले विहिरी खणताना निघतात. मग ती माझ्याकडे आली, सर लेणी ज्या खडकात कोरलीत तोच का हा खडक? तोच, बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांमध्येच हे झिओलाइट आणि गारगोटीचे स्फटिक तयार होतात. एक नंबरच्या लेण्यात दिवे मंद का, चपला बाहेर का, बसच्या रांगेत कोण किती वेळ थांबलं, सगळं तिने वहीत लिहिलं होतं. नळदुर्ग ते अलिबागचा धडा मात्र आम्ही वर्गातच वाचून संपवला, बहुतेक शाळांमध्ये तसाच संपतो.

ती मुलगी यंदा बारावीला आहे. परवा फोन केला होता, सर मला पर्यटनच करायचंय, कुठला फॉर्म भरू? बीबीएला जायचं तर सीईटी दे, बीए करून भूगोलातून पर्यटनाचे पेपर घ्यायचे तर सीईटी नाही, असं सांगितलं. दोन्हीत फरक काय हे तिने विचारलं तेव्हा मी दोन्ही कॉलेजांचे अभ्यासक्रम मागवले आणि आधी क्षेत्रभेटीला किती दिवस दिलेत ते शोधायला बसलो.