कपाटात आहे, गूगलवर नाही

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची दाखल नोंदवही संगणकावर चढली, वेबसाइट सुरू झाली आणि काही दिवसांतच ग्रंथपाल मॅडमनी मला गाठलं. "सर, आपल्या साइटवर पुस्तकाचं नाव टाकलं की लगेच येतं. तेच नाव गूगलवर टाकलं तर आपल्या वाचनालयाचा पत्ताच नाही. असं कसं?"

मी समोर बसून पाहिलं. साइटवर एकच चौकट होती: पुस्तकाचं नाव लिहा, 'शोधा' दाबा. माणसाने शब्द टाकला की सर्व्हर तो डेटाबेसला विचारतो, जुळणाऱ्या ओळी उचलतो आणि तिथल्या तिथे पान बनवून पाठवतो. कुणी विचारेपर्यंत ते पान अस्तित्वातच नसतं. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करत हिंडणारा प्रोग्रॅम, मुख्यतः लिंकांवरून चालतो. एका पानावरच्या लिंका वाचायच्या, त्या धरून पुढच्या पानावर जायचं, तिथून आणखी पुढे. या साइटवर पुस्तकापर्यंत नेणारी एकही लिंक नव्हती. क्रॉलर दारापर्यंत आला, चौकट पाहिली आणि परत गेला.

शोधखिडकीमागे अडकलेल्या अशा माहितीला मायकेल बर्गमन या वेब-अभ्यासकाने 2001 साली 'डीप वेब' म्हटलं. गूगलनेही तिथे शिरायचा प्रयत्न केला. 2008 मध्ये त्यांच्या संशोधकांनी सांगितलं, की क्रॉलर काही निवडक साइटांच्या चौकटी स्वतः भरून पाहतो. त्याच साइटच्या पानांतले शब्द उचलायचे, चौकटीत टाकायचे, नवीन काही हाती लागतं का बघायचं. युक्ती हुशारीची आहे, पण गावच्या वाचनालयाने तिच्या भरवशावर राहू नये.

सगळंच बाहेर यावं असं मात्र नाही. महाभूलेखवर सातबारा पाहायचा तर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडून, मोबाइल नंबर देऊन कॅप्चा भरावा लागतो. शेतकऱ्याचं नाव गूगलवर टाकताच त्याची जमीन समोर यावी, असं कुणाला वाटेल? वाचनालयाचं उलट आहे. तिथली यादी जितक्या लोकांना दिसेल तितकं बरं.

उपाय वाचनालयाच्याच कामात होता. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेलं, बांधणी बदलली, तरी क्रमांक तोच. वेबवरही तेच हवं: एका पुस्तकाला एक पान, त्या पानाला एक कायमचा पत्ता, आणि पत्त्यात दाखल क्रमांक. मग विषयवार याद्या करायच्या: कथा, चरित्र, शेती, स्थानिक इतिहास. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे लिंक. मुखपृष्ठावरून यादी, यादीवरून पुस्तक. रस्ता तयार झाला.

जोडीला साइटमॅप. ही सगळ्या पत्त्यांची साधी फाइल असते. गूगलने ती पद्धत 2005 मध्ये आणली, पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही मान्य केली. एका फाइलीत 50,000 पत्ते बसतात. आमच्या वाचनालयाला एक फाइल पुरली.

डेटाबेसमधून येणाऱ्या पानांच्या पत्त्यात बऱ्याचदा प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे 'आयडी'सारखे घटक असतात. असं प्रश्नचिन्ह असलं की गूगल ते पान घेत नाही, ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. तिला एके काळी आधार होता. 'आयडी' नावाचा घटक पत्त्यात ठेवू नका, असं गूगलच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असायचं. पण 2008 मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं, की असे पत्ते आम्हाला वाचता येतात. प्रश्नचिन्ह लपवण्यात लोक आठवडे घालवतात, याचं मला वाईट वाटतं. तेवढ्या वेळात विषयवार याद्या होतात.

रस्ते झाले आणि उलटाच त्रास सुरू झाला. वेबसाइट करणाऱ्याने हौसेने फिल्टर दिले: 3 भाषा, 12 विषय, 5 कालखंड, यादी लावायचे 4 प्रकार. चारही निवडले तर 3 गुणिले 12 गुणिले 5 गुणिले 4, म्हणजे 720 याद्या. ज्या क्रमाने फिल्टर दाबाल त्याच क्रमाने ते पत्त्यात लागत होते. चार गोष्टींचे क्रम 24. पत्ते झाले 17,280, आणि पुस्तकं तीच! क्रॉलर कुठल्याही साइटवर मोजकाच वेळ देतो. तो या घोळात गेला की खऱ्या पुस्तकाच्या पानापर्यंत पोचायला उशीर होतो.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 2008 मध्ये गूगलने जाहीर केलं, की आम्ही 1 लाख कोटी वेगवेगळे पत्ते पाहिले आहेत. त्याच वेळी त्यांनी उदाहरण दिलं होतं कॅलेंडरचं. 'पुढचा दिवस' अशी लिंक असेल तर ती दाबत कितीही पुढे जाता येतं, दरवेळी नवा पत्ता मिळतो आणि आत काहीच नसतं.

2009 पासून यावर एक सोय आहे. पानाच्या डोक्यावर एक ओळ घालायची, की या मजकुराचा अधिकृत पत्ता अमुक. तिला कॅनॉनिकल म्हणतात. मराठी विकिपीडियाही डेटाबेसवरच चालतो. तिथे लेखाचे पत्ते एका वाटेवर आणि संपादनाची, जुन्या आवृत्त्यांची पानं दुसऱ्या वाटेवर ठेवली आहेत. त्या दुसऱ्या वाटेवर रोबॉट्स फाइलने, म्हणजे क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या साध्या फाइलीने, क्रॉलरला मनाई केलेली आहे. आम्ही तेच केलं: फिल्टरचे पत्ते बंद, पुस्तकांचे उघडे.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. 'पुणे' दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, चार चिन्हं: प, उकार, ण, मात्रा. प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे 12. पत्त्यात एकेका बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं होतात, म्हणजे 'पुणे'ची 36. हे चालतं, गूगल ते वाचतं. घात करतो तो 'ऱ्य'. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पुस्तकाचं नाव पत्त्यात घातलं असतं, तर एकाच पुस्तकाची दोन पानं झाली असती. दाखल क्रमांकाने ते टळलं.

त्याहून जुनं ओझं फॉन्टचं. सुरुवातीच्या नोंदी युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये पाहिल्या तर शुद्ध मराठी, पण आत साठवलेली रोमन अक्षरं आणि खुणा. गूगलला दिसतो तो निव्वळ कचरा. लिंक द्या, साइटमॅप द्या, त्या पुस्तकाला मराठी नावच नाही तर ते सापडेल कसं? कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर सरळ होतो, रफार आणि जोडाक्षरं मात्र हमखास बिघडतात. म्हणून ग्रंथपाल मॅडम रोज दुपारी, वाचनालय बंद असताना, नोंदवही शेजारी घेऊन एकेक नाव वाचतात आणि दुरुस्त करतात. स्थानिक इतिहासाचं कपाट त्यांनी आधी घेतलं आहे, कारण त्यातली काही पुस्तकं त्यांनी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाहीत.