पादत्राणांविषयीचे जुने इंग्रजी शब्द

पादत्राणांविषयीचे जुने इंग्रजी शब्द : बूट-जोड्यांसंबंधीचे अनेक जुने इंग्रजी शब्द कारागिरांच्या कामातून आले. कोणी काय शिवायचे, लाकूड कुठले घ्यायचे, माप कशाने मोजायचे, हे त्यांत गोठून राहिले आहे.

नवे जोडे शिवणारा तो ‘कॉर्डवेनर’. स्पेनमधील कोर्दोबाच्या उंची कातड्याला ‘कॉर्डवेन’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. लंडनमधील या कारागिरांच्या संघाचे नियम १२७२ चे, तर राजाची सनद १४३९ ची. जुने जोडे दुरुस्त करणारा तो ‘कॉबलर’. त्याने नव्या कातड्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. मराठीत दोघांनाही सरसकट ‘मोची’ म्हटले की हा सगळा तंटाच नाहीसा होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोच्याला किंवा त्याच्या शिकाऊ उमेदवाराला ‘स्नॉब’ही म्हणत. आजचा तोरा त्या शब्दाला नंतर चिकटला.

ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवून शिवतात तो ‘लास्ट’. ‘शेवटचा’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते नाही. पावलाचा ठसा या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दापासून तो आला. उंच टाचा आल्यावर, साधारण १६०० पासून दोनशे वर्षे, डाव्या-उजव्या पायांसाठी एकाच सरळ साच्यावर जोडे होत. त्यांना ‘स्ट्रेट्स’ म्हणत.

मापाचा शब्द ‘बार्लीकॉर्न’, म्हणजे जवाचा दाणा. तीन दाण्यांचा एक इंच, आणि बुटाच्या दोन लागोपाठच्या नंबरांत एका दाण्याचे, म्हणजे ८.४७ मिलिमीटरचे अंतर. मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर धरतात. तेरापर्यंत गेल्यावर मोठ्यांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून मोठ्यांसाठी साच्याची लांबी इंचांत घ्यायची, तिला तिनाने गुणायचे आणि २५ वजा करायचे : ११ इंची साचा म्हणजे ८ नंबर. भारतातल्या दुकानांतही बहुधा हाच हिशेब चालतो. चूक होते ती लांबी घेताना. सूत्रातली लांबी साच्याची आहे, पावलाची नव्हे. बोटांपुढे साधारण दोन नंबरांएवढी जागा सोडावी लागते. १० १/३ इंची पाऊल थेट सूत्रात घातले, तर उत्तर ६ येते आणि बूट हमखास चावतो.

चिखलातून जाताना बुटावर चढवायचा लाकडी तळ म्हणजे ‘पॅटन’. पुढे त्याखाली लोखंडी कडे बसवू लागले. फरशीवर ते खणखणत असल्याने चर्चच्या दाराशी ‘पॅटन काढून ठेवा’ अशा पाट्या असत. उत्तर इंग्लंडमधील लँकाशरचा ‘क्लॉग’ मात्र स्वतंत्र जोडा : लाकडी तळ, वर कातडे. तळाला आल्डरचे लाकूड पसंत करीत, कारण ते हलके असते आणि ओलाव्यात टिकते. ते ओले असतानाच ठोकळे पाडायचे आणि हवा खेळेल अशा ढिगात रचून वाळवायचे. कोरायला तीन लांब सुऱ्या : पहिली बाह्य आकार देते, दुसरी आतला खळगा करते, तिसरी कातडे बसवायची खाच पाडते. प्रत्येकीचे आकड्यासारखे टोक बाकावरच्या कडीत अडकवलेले असते, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या मुठीवर जोर देऊन नेमके कापता येते.

बुटाचा पुढचा वरचा भाग ‘व्हॅम्प’. झिजलेला व्हॅम्प बदलणे म्हणजे ‘रीव्हॅम्प’. आता हा शब्द कार्यालयांच्या डागडुजीला लावतात. सोळाव्या शतकात खेडुतांच्या पोटरीपर्यंतच्या जाडजूड बुटाला ‘स्टार्टअप’ म्हणत.