व्हीपीएनमधून पोर्ट फॉरवर्डिंग

सार्वजनिक आयपी पत्त्याच्या ठरावीक पोर्टवर (एकेका सेवेच्या क्रमांकित दारावर) आलेली जोडणी फायरवॉलच्या नियमांनी व्हीपीएनच्या टनेलमध्ये (इंटरनेटवरून दोन टोके जोडणाऱ्या कूटबद्ध वाटेमध्ये) वळवून पलीकडच्या खाजगी जाळ्यातील संगणकापर्यंत पोहोचवण्याची पद्धत. ज्या संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, किंवा ज्याचा सेवादाता एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो (अशा वाटणीसाठी आरएफसी ६५९८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा पट्टा राखून ठेवला), त्यावरील सेवा बाहेरच्यांना खुली करण्यासाठी ती वापरतात.

या पद्धतीचा कोणी एक जनक दाखवता येत नाही. तिचा पाया असलेल्या पत्ता-बदलाचे, म्हणजे नॅटचे, श्रेय सामान्यतः पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस) आणि टोनी एंग यांच्या जानेवारी १९९३ मधील लेखाला आणि एगेवांग व फ्रान्सिस यांच्या मे १९९४ च्या आरएफसी १६३१ ला दिले जाते. दुसरे मत जॉन मेयस व ब्रँटली कॉइल यांच्या पिक्स या पत्ता-बदल करणाऱ्या उपकरणाला अग्रमान देते. ते साधारण १९९४ च्या सुमारास आले आणि १९९५ मध्ये सिस्कोने त्याची कंपनी विकत घेतली. कल्पनेची मांडणी आणि तिचा बाजारातील प्रसार या गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र आरएफसी १६३१ चा भर पत्त्यांवर आहे. एकेका सेवेचा पोर्ट आतल्या संगणकाशी कायमचा जोडण्याची सोय जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये नोंदलेली आढळते. प्रत्यक्षात ती त्याआधीच रुळली असावी, कारण लिनक्सच्या २.२ मालिकेत आयपीमॅस्कअ‍ॅडम हे त्यासाठीचे साधन होते. २.४ मालिकेतील आयपीटेबल्सने हे काम मुख्य फायरवॉलमध्ये आणले.

नियमांची रचना सर्वत्र जवळपास सारखी असते. प्रीराउटिंग साखळीत (मार्ग ठरण्याआधी लागू होणाऱ्या नियमांच्या यादीत) डीनॅटच्या, म्हणजे गंतव्य-बदलाच्या, नियमाने पॅकेटचा (माहितीच्या तुकड्याचा) गंतव्य पत्ता बदलतो, फॉरवर्ड साखळीत त्याला पुढे जाण्याची परवानगी मिळते. कर्नलमध्ये, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यात, आयपी फॉरवर्डिंग चालू असावे लागते. येथवर सहसा अडत नाही, अडते ते उत्तर परतताना. टनेलमधून आलेल्या पॅकेटवर मूळ पाहुण्याचाच (बाहेरून जोडणी करणाऱ्याचाच) पत्ता असतो. आतला संगणक उत्तर आपल्या नेहमीच्या मार्गाने, म्हणजे टनेलबाहेरून, धाडतो. ते भलत्याच पत्त्यावरून आलेले दिसल्यामुळे पाहुण्याचा संगणक फेकून देतो आणि जोडणी जुळतच नाही.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिल्यात सार्वजनिक सर्व्हर पॅकेट टनेलमध्ये सोडताना त्यावर स्वतःचा टनेलमधील पत्ता लावतो (मास्करेड). हे सोपे खरे, पण आतल्या सेवेच्या लॉगमध्ये सगळे पाहुणे एकाच पत्त्याचे दिसतात. मेल सर्व्हरसाठी ही उणीव गंभीर आहे, कारण पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून स्पॅम पारखणे त्याला अशक्य होते. दुसऱ्यात आतला संगणक टनेलमधून आलेल्या जोडणीवर खूण करतो (कनेक्शन मार्क) आणि खूण असलेली उत्तरे वेगळ्या राउटिंग तक्त्याने टनेलमधूनच परत पाठवतो. जाणकारांचा कल याकडे दिसतो. मात्र कर्नलची उलट-मार्ग तपासणी (आरपी फिल्टर, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परतीचा मार्ग पॅकेट आले त्याच वाटेने जातो का हे पाहणे) कडक असेल, तर येणारे पॅकेट तेथेच गळते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीमध्ये शिवाय आतल्या टोकाच्या अलाउड-आयपीज यादीत (टनेलमधून कोणते पत्ते चालतील हे सांगणाऱ्या) सर्व पत्ते मान्य करावे लागतात. तसे केले की डब्ल्यूजी-क्विक हे वायरगार्ड सुरू करणारे साधन मुख्य मार्गच टनेलकडे फिरवते, म्हणून त्याची राउटिंग तक्ता मांडण्याची सोय बंद ठेवतात.

व्हीपीएनचे कूटलेखन टनेलच्या दोन टोकांपुरतेच असते. खुला केलेला पोर्ट इंटरनेटला उघडाच राहतो. व्यावसायिक व्हीपीएन सेवांबाबत आणखी एक धोका परफेक्ट प्रायव्हसी या कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘पोर्ट फेल’ नावाने मांडला. व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारा मार्ग टनेलबाहेरचा असल्याने, त्याच सर्व्हरच्या त्याच पत्त्यावर पोर्ट फॉरवर्ड केलेला हल्लेखोर दुसऱ्या ग्राहकाला त्या पोर्टकडे ओढून त्याचा खरा पत्ता मिळवू शकत असे. येणारा व जाणारा पत्ता वेगळे ठेवणे हा त्यावरील उपाय. मुलवाड या व्हीपीएन सेवेने २०२३ मध्ये गैरवापराचे कारण देऊन पोर्ट फॉरवर्डिंगची सोयच बंद केली.