आपो बेटाच्या प्रवाळाची राखण: पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात मध्य फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर मासळी कमी होत गेली, तशा मासेमारीच्या पद्धती अधिकच घातक झाल्या. डायनामाइट, सायनाइड आणि ‘मुरो-आमी’. मुरो-आमीत दोरीला दगड बांधून पाण्यात सोडतात आणि ते प्रवाळावर आपटत मासे जाळ्याकडे हाकतात. मासे एकदा मिळतात, पण त्यांचं घर कायमचं मोडतं.

दुमागेते शहरातल्या सिलिमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांनी १९७४ साली सुमिलोन बेटालगतचा काही भाग मासेमारीसाठी बंद करवला. तिथे मासे वाढले. पण १९८४ च्या सुमारास स्थानिक राजकारण बदललं, राखण सुटली आणि सगळीकडे जाळी पडू लागली. क्षेत्र खुलं झाल्यावर जाळ्यात येणारी मासळी वाढायला हवी होती. उलट पुढच्या काही वर्षांत बेटाभोवती पकडली जाणारी एकूण मासळी निम्म्याहून अधिक घटली. म्हणजे बंद क्षेत्रच आसपासच्या पाण्याला मासे पुरवत होतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा पुरावा आहे.

याच भागातलं आपो बेट जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचं. तिथल्या मच्छीमारांशी विद्यापीठाच्या लोकांनी आधी दोन-तीन वर्षं नुसती बोलणी केली. १९८२ मध्ये काही कुटुंबं तयार झाली आणि सुमारे ४५० मीटर किनाऱ्यालगतचं पाणी बंद झालं. पहारा गावकऱ्यांचाच. १९८५ मध्ये दाउइन नगरपालिकेने त्याला कायद्याचं बळ दिलं. गाव, विद्यापीठ आणि पालिका अशी ही भागीदारी. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं, तेव्हा मच्छीमारांचा विरोध उभा राहिला. आपोतला क्रम नेमका उलटा होता: आधी गावाची तयारी, मग कायदा. बंद क्षेत्रात सर्जनफिश आणि जॅक या माशांचं एकूण वजन १९८३ ते २००१ या काळात तिपटीने वाढलं. हद्दीबाहेर लगतच्या पाण्यातही ते वाढताना दिसले. पुढे डायव्हिंगसाठी पर्यटक येऊ लागले आणि प्रवेशशुल्काची मिळकत सुरू झाली.

१९९४ मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं. निर्णय गावाच्या हातून नव्या व्यवस्थापन मंडळाकडे गेले आणि शुल्काचा पैसा राष्ट्रीय निधीतून फिरून उशिरा परतू लागला. यावर गावकरी नाराज झाले. ज्यांनी बारा वर्षं पहारा दिला, त्यांची ही नाराजी रास्तच होती. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या वादळांनी राखीव क्षेत्रातला बहुतेक प्रवाळ उद्ध्वस्त केला, तेव्हाही हा अधिकाराचा प्रश्न सुटलेला नव्हता.