न खपलेल्या प्रतींचा भार कोणावर?

न खपलेलं पुस्तक प्रकाशकाला परत पाठवायचं आणि त्याची रक्कम खात्यात जमा करून घ्यायची, ही पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या महामंदीत रुजली. दुकानदार नवी पुस्तकं मागवायला धजत नव्हते, म्हणून सायमन अँड शूस्टरसारख्या प्रकाशकांनी त्यांना ही मुभा दिली. मंदी सरल्यावरही ती कायम राहिली.

एकेक दुकान पाच-दहा प्रती मागवत होतं, तोवर हा बोजा पेलण्याजोगा होता. १९६०नंतर मॉलमध्ये वॉल्डनबुक्स आणि बी. डाल्टन ही साखळी दुकानं आली, पुढे बॉर्डर्स आणि बार्न्स अँड नोबलची भव्य दालनं उभी राहिली आणि खरेदीचा निर्णय मुख्य कार्यालयातल्या मोजक्या माणसांच्या हाती गेला. त्यांच्या एका होकारावर हजारो प्रतींची मागणी येऊ शकते. ती पुरवायला छोटा प्रकाशक मोठी आवृत्ती काढतो. छापखान्याचं बिल थांबत नाही, दुकानाकडून पैसे यायला मात्र महिने लागतात. तेवढ्यात परतीचे खोके येऊ लागतात आणि त्यांची किंमत येणे रकमेतून वळती होते. कोपरे दुमडलेल्या, लेबलं चिकटलेल्या या प्रती नव्या म्हणून विकता येत नाहीत. स्वस्त पेपरबॅकचं तर नुसतं फाडलेलं मुखपृष्ठ परत येतं, उरलेलं पुस्तक लगद्यात जातं. शिवाय दर्शनी टेबलावर जागा हवी असेल, तर जाहिरातीतला वाटा म्हणून प्रकाशकानेच पैसे मोजायचे. किती प्रती मागवायच्या हे एकाने ठरवायचं आणि अंदाज चुकला की दुसऱ्याने भरायचं, हा व्यवहार मला उघड अन्यायाचा वाटतो.

मधला दुवा तुटला तरी फटका छोट्यांनाच. डिसेंबर २००६मध्ये अॅडव्हान्स्ड मार्केटिंग सर्व्हिसेस या पुस्तकांच्या घाऊक विक्रेत्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शंभराहून अधिक स्वतंत्र प्रकाशकांची पुस्तकं वितरित करणारी पब्लिशर्स ग्रुप वेस्ट तिच्याच मालकीची होती. ऐन नाताळच्या विक्रीचे पैसे अडकले. पर्सियस या प्रकाशन-वितरण कंपनीने पुढे येऊन थकलेल्या डॉलरमागे ७० सेंट देऊ केले, म्हणून बरेच जण तगले. २०११मध्ये बॉर्डर्स बुडाली, तेव्हा पेंग्विनचे ४ कोटींहून अधिक डॉलर तिच्याकडे थकले होते. पेंग्विनला तो घाव सोसता आला.

२०११मध्ये ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्सची आणि २०१९मध्ये बार्न्स अँड नोबलची सूत्रं घेतलेल्या जेम्स डॉन्ट यांनी दर्शनी जागेचे पैसे घेणं थांबवलं आणि निवडीचा अधिकार दुकानांकडे दिला. परतीचा माल घटला. पण पहिली मागणीही आखडली, आणि नाव नसलेल्या प्रकाशकाला आता एकेका दुकानाचं मन वळवावं लागतं.