जैवविविधता, हवामान बदल आणि लोकमत : बदलाची पार्श्वभूमी

निसर्गरक्षणासाठी लोकांची मानसिकता बदलली पाहिजे, ही मागणी आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरवण्याची फॅशन होती. पांढऱ्या बगळ्यांना तलम, लांब पिसे येतात ती विणीच्या हंगामात. त्यामुळे शिकारी नेमके घरट्यांवरच पक्षी टिपत आणि मागे उरलेली पिल्ले उपासमारीने मरत. १८८९ मध्ये इंग्लंडमधील काही स्त्रियांनी अशी पिसे न वापरण्याचा निश्चय करून संघटना उभारली आणि १८९६ मध्ये बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे व मिन्ना हॉल यांनी हेच काम हाती घेतले. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाला तो १९२१ मध्ये, म्हणजे लोकमत तयार होऊ लागल्यावर तब्बल तीन दशकांनी.

असाच प्रत्यय ओझोनच्या बाबतीत आला. स्प्रेच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या वायूंमुळे सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले, तेव्हा अमेरिकेत सरकारी बंदीची वाट न पाहता अनेक ग्राहकांनी अशा वायूवर चालणारे स्प्रे घेणे सोडून दिले. बंदी १९७८ मध्ये आली, तर असे वायू आटोक्यात आणणारा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला. येथे काय सोडायचे हे स्पष्ट होते आणि पर्याय हाताशी होते, ही गोष्ट माझ्या मते धोक्याच्या माहितीइतकीच निर्णायक ठरली.

हवामान बदलाची गोष्ट वेगळी होती. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीची साक्ष दिली आणि त्याच वर्षी आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाची स्थापना झाली. परंतु कार्बन डायऑक्साइड वीज, वाहतूक, शेती, बांधकाम अशा सगळ्याच व्यवहारांत गुंतलेला असल्याने एखादी वस्तू टाळून भागण्यासारखे नव्हते. त्यातच १९९२ च्या रिओ परिषदेत हवामान आणि जैवविविधता यांसाठी दोन स्वतंत्र करार झाले. दोहोंत लोकशिक्षणाचे कलम आहे, पण त्यामागील धारणा अशी की, लोकांना कळले म्हणजे ते आपोआप वळतील.

ही धारणा तोकडी पडली. जैवविविधता कराराखाली २०१० मध्ये ठरलेल्या आइची उद्दिष्टांपैकी पहिलेच उद्दिष्ट जनजागृतीचे होते. २०२० मध्ये आढावा घेतला तेव्हा वीसपैकी एकही उद्दिष्ट पूर्णपणे साध्य झालेले नव्हते. दरम्यान २०१८ पासून शाळकरी मुलांच्या संपांनी हवामानाचा प्रश्न घराघरांत पोहोचवला, पण जीवसृष्टीच्या ऱ्हासाला तेवढे लक्ष मिळाले नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते, कारण दलदली आणि जंगले नष्ट होतात तेव्हा त्यांतील जीवांबरोबर साठवलेला कार्बनही जातो. आयपीसीसी आणि जैवविविधतेसाठीचे तसेच मंडळ असलेली आयपीबीईएस यांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे हेच मांडले की, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील.

त्यानंतरची भाषा बदललेली दिसते. योग्य धोरणे आणि सोयी असतील, तर मागणीच्या बाजूचे उपाय, म्हणजे लोकांच्या वापरात आणि सवयींत होणारे बदल, २०५० पर्यंत इमारती, वाहतूक, अन्न अशा अंतिम वापराच्या क्षेत्रांतील उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी घटवू शकतात, असे आयपीसीसीने २०२२ मध्ये नमूद केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्याच्या सोळाव्या उद्दिष्टात शिक्षण आणि माहितीच्या जोडीला पर्यायांची उपलब्धता आणि पूरक कायदे यांचाही समावेश आहे, आणि २०३० पर्यंत अन्नाची जागतिक नासाडी निम्म्यावर आणण्याचे लक्ष्यही ठेवलेले आहे.