छापील संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत : मराठी स्त्री-नाटककारांचे प्रयोग

मराठी स्त्री-नाटककारांबद्दल लिहिताना बहुतेक वेळा सालवार यादी समोर येते : अमुक साली अमुक बाईंचं नाटक प्रसिद्ध झालं. पण नाटक छापून येणं वेगळं आणि ते उभं राहणं वेगळं. तालमीला माणसं लागतात, पैसा लागतो, तारखा मिळाव्या लागतात, गावोगाव मुक्काम करावे लागतात. संगीत नाटकांच्या ऐन भरात हे सगळं नाटक मंडळ्यांच्या मालकांच्या हाती होतं आणि मालक जवळजवळ सगळे पुरुष होते. त्यामुळे बाईनं लिहिलेलं नाटक कोणी उभं केलं, हा प्रश्न मला आधी विचारावासा वाटतो.

सोनाबाई केरकरांचं 'छत्रपती संभाजी' हे नाटक १८९६ चं. मात्र या प्रश्नाचं उत्तर शोधताना थांबावं लागतं ते हिराबाई पेडणेकरांपाशी. मूळच्या सावंतवाडीच्या, कलावंतीण घराण्यातल्या, गाणं शिकलेल्या हिराबाई गिरगावात राहत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखे त्या काळचे नामवंत नाटककार त्यांच्या घरी येत आणि तिथे नाट्यचर्चा रंगत. घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या बाईला अशा बैठकीत बसण्याची मुभाच नव्हती. हिराबाईंना ती मिळाली ती जन्मामुळे, आणि त्याच जन्मामुळे प्रतिष्ठितांच्या पंगतीत त्यांचं पान कधी मांडलं गेलं नाही. त्यांचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं रंगभूमीवर आणलं. १९१२ च्या आसपासची ही गोष्ट. बाईनं लिहिलेलं नाटक अशा नावाजलेल्या मंडळीनं करणं हे केवढं मोठं पाऊल होतं! तरी एक चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. बाईनं बाईच्या तोंडी घातलेली वाक्यं आणि पदं प्रेक्षकांनी ऐकली ती लुगडं नेसलेल्या पुरुष नटाच्या आवाजात. पुढे हिराबाई मुंबई सोडून कोकणात पालशेतला गेल्या आणि १९५१ साली त्यांचं निधन झालं. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं. आज अनेकांना हिराबाई ठाऊक असतात त्या या नाटकातली व्यक्तिरेखा म्हणून. 'दामिनी'च्या लेखिका म्हणून त्यांना ओळखणारे थोडेच, याची खंत वाटते.

गिरिजाबाई केळकरांची वाट अगदी निराळी. त्या संसारी, सुस्थित घरातल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' १९०७ मध्ये आलं, त्याला त्यांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिलं. एका नाटकाला दुसऱ्या नाटकानंच जाब विचारायचा, हा आत्मविश्वास आजही थक्क करतो. १९२८ साली त्या मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या वर्षी नायिकांच्या भूमिका बालगंधर्व करत होते, हे लक्षात घेतलं की त्या अध्यक्षपदाचं मोल कळतं.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. त्यानं अभिनेत्रींसाठी दार उघडलं, लेखिकांसाठी लगेच उघडलं नाही. बोलपटांच्या लाटेत मंडळ्या मोडल्या, मग हौशी संस्था आल्या, १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. मुक्ताबाई दीक्षितांचं 'जुगार', सरिता पदकींचं 'बाधा' ही स्वातंत्र्यानंतरची नाटकं. सई परांजपे लिहीत आणि दिग्दर्शनही करत, त्यामुळे 'सख्खे शेजारी'सारखं नाटक कागदावरून रंगमंचावर नेणं त्यांच्याच हाती होतं.

खरी कलाटणी मिळाली १९८३ मध्ये, आणि तीही नाट्यगृहांच्या बाहेर. ज्योती म्हापसेकर पेशानं ग्रंथपाल. त्यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या करू लागल्या. नेपथ्याचा ट्रक नको, प्रकाशयोजना नको. वस्तीतलं मोकळं मैदान, शाळेचं पटांगण, गावातला पार, जिथे माणसं जमतील तिथे प्रयोग. मुलीच्या जन्मापासून सुरू होणारी ही गोष्ट लोकगीतांच्या चालींवर पुढे सरकते, आणि त्या चाली समोर बसलेल्या बायकांच्या आधीपासून ओळखीच्या. तिकीटबारीची आणि निर्मात्याची गरजच उरली नाही. या नाटकाचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. व्यावसायिक रंगभूमीवर किती नाटकांना असं आयुष्य लाभलं?

अलीकडे इरावती कर्णिक यांचं 'छापा काटा' किंवा मनस्विनी लता रवींद्र यांचं 'अमर फोटो स्टुडिओ' व्यावसायिक रंगभूमीवर सहज रुजलं, तेव्हा लेखिकेचं नाव जाहिरातीत पाहून कुणाला नवल वाटलं नाही.

आपला रंगमंच आपणच घडवण्याची 'मुलगी झाली हो'ची रीत मात्र सुषमा देशपांडे यांनी त्याआधीच आणखी पुढे नेली होती. १९८९ चं 'व्हय मी सावित्रीबाई' त्यांनी लिहिलं, आणि एकपात्री म्हणून सादरही त्यांनीच केलं. नऊवारीतली सावित्रीबाई समोर बसलेल्यांशी थेट बोलू लागते, शेजारच्या बाईशी बोलावं तशी. शीर्षकातल्या 'व्हय'मध्येच तिची बोली, तिचा ठामपणा आहे. महाराष्ट्रातल्या गावागावांत हा प्रयोग झाला. पुढे सुषमाताईंनी तो स्वतःपुरता न ठेवता दुसऱ्या अभिनेत्रींकडून बसवून घेतला, आणि सावित्रीबाईंची तीच वाक्यं आता त्या बोलू लागल्या.